सुरांची जुळणी

माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. दिवसा ते जिल्हा परिषदेत कारकून होते आणि संध्याकाळी सहानंतर पेटीवाले. साताऱ्यात कुणाकडे भजन असो, गणपतीतले नाट्यसंगीत असो की एखाद्या मुलीची गाण्याची परीक्षा असो, साथीला अण्णा ठरलेले. २०११ साली ते गेले. मागे ठेवलेल्या त्यांच्या मालमत्तेची वाटणी करायला वकिलाची गरज पडली नाही. एक पेटी, एक सायकल आणि सात वह्या. पेटी आत्याकडे राहिली, सायकल बहिणीच्या मुलाने नेली आणि वह्या माझ्याकडे आल्या. का, तर "तू मराठीचा मास्तर, कागद तुझ्याकडे!"

सातही वह्या नोटेशनच्या आहेत. निरनिराळ्या रागांतल्या चिजा, नाट्यपदे, चार-दोन अभंग. आणि दुसऱ्या व पाचव्या वहीत मिळून अण्णांनी स्वतः बांधलेल्या चार चिजा. बाकीचे सगळे कुठल्या ना कुठल्या पुस्तकात सापडेल. या चार चिजा जगात दोनच ठिकाणी आहेत, या वह्यांत आणि आत्याच्या गळ्यात. आत्या अण्णांची धाकटी बहीण. तरुणपणी ती गात असे आणि अण्णा साथ करीत.

गेल्या माघात आत्याचे सहस्रचंद्रदर्शन करायचे असे त्याच्या आदल्या पावसाळ्यातच ठरले. "आत्या, तुला काय हवं?" असे विचारल्यावर साडी, शाल, चांदीचे निरांजन यांपैकी काही तरी ऐकायला मिळेल अशी माझी कल्पना. ती म्हणाली, "अण्णाच्या वह्या छाप."

मी म्हटले, "झेरॉक्स काढून छान बांधणी करून देतो."

"अरे, झेरॉक्स मला दिसणार आहे का? आणि माझा नातू तिकडे न्यू जर्सीला शाळेच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवतो. त्याला आपलं सारेगम वाचता येत नाही, आणि त्याचे ते तारेवर बसलेले पक्षी मला कळत नाहीत. दोघांच्याही उपयोगी पडेल असं काही तरी कर. तुमच्या त्या कॉम्प्युटरात म्हणे सगळं होतं!"

अशा रीतीने, ज्याला धड पेटीही वाजवता येत नाही असा मी, सुरांची छपाई करायला बसलो.

छापखान्यात अक्षरांच्या कामाला जुळणी म्हणत. खिळे वेचून ओळी जुळवायच्या आणि चौकटीत आवळायच्या. ज्या इंग्रजी शब्दापासून आपला कंपोझिटर आला, त्याच शब्दापासून चाल बांधणारा कंपोझरही आला, ही गंमत या कामात शिरेपर्यंत माझ्या ध्यानात आली नव्हती. अक्षरांची जुळणी सोपी म्हणावी इतकी सुरांची अवघड. अक्षर एका ओळीत डावीकडून उजवीकडे चालते. सुराला मात्र वर-खालीही जायचे असते, किती वेळ थांबायचे तेही सांगायचे असते आणि खाली शब्द सांभाळायचे असतात. व्हेनिसच्या ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने १५०१ साली सुट्या खिळ्यांनी सुरांचे पुस्तक छापले, तेव्हा एकच कागद त्याला एकापेक्षा अधिक वेळा यंत्राखालून काढावा लागत असे. आधी रेघा, मग त्यांवर सूर. रेघ केसभर सरकली की सूर बदलला! पुढे युरोपात धातूच्या पत्र्यावर सूर कोरण्याची कला आली. कारागीर उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखे उलटे कोरीत आणि ठरावीक चिन्हांचे ठसे हातोडीने ठोकीत. विसाव्या शतकातही कित्येक पुस्तके अशीच तयार होत.

आपल्याकडे पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी वेगळी वाट धरली. ते मुंबईचे वकील. त्यांनी 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग सिद्ध केले, ते पाच रेघांवर नव्हे तर सा रे ग म या अक्षरांवर. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, एका मात्रेत बसणाऱ्या स्वरांखाली कंस. साध्या देवनागरी खिळ्यांत थोडीशी भर घातली की कुठल्याही छापखान्यात हे जुळावे. संगीताइतकाच त्यांनी कंपोझिटरचाही विचार केला असावा असे मला वाटते.

असो. माझ्या भाच्याने, म्हणजे सायकल नेली त्यानेच, एका रविवारी मला सॉफ्टवेअरची यादी करून दिली. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यादीत पहिले नाव 'फिनाले'. हे या क्षेत्रातले वडीलधारे. १९८८ साली निघालेले, अमेरिकेत कितीतरी संगीतकारांचा हात त्यावर बसलेला. एका परिचित संगीत-संयोजकाने "डोळे मिटून हेच घ्या" असा सल्ला दिला होता. मी डोळे मिटायच्या बेतात होतो, तोच २६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच्या निर्मात्यांनी जाहीर केले की पस्तीस वर्षांनंतर आता फिनालेचे काम थांबवीत आहोत. यापुढे नवी आवृत्ती नाही, नवी विक्री नाही. जुन्या गिऱ्हाइकांनी 'डोरिको' नावाच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे जावे, त्यांना सवलत मिळेल. वर्षभरानंतर नव्या यंत्रावर फिनालेची नोंदणीही करता येणार नाही असे आधी सांगितले होते. जगभरातून ओरड झाली तेव्हा ती अट मागे घेतली गेली. फिनाले म्हणजे शेवटचा भाग, आपल्याकडची भैरवीच म्हणा ना! पण मैफल रंगात असताना गवयाने एकाएकी तंबोरा खाली ठेवावा, तसे हे झाले.

भाचा म्हणाला, "बरं झालं मामा, पैसे वाचले." मला मात्र झोप लागेना. पस्तीस वर्षांत लोकांनी त्यात केवढे लिहून ठेवले असेल! सिंफन्या, प्रार्थना, मुलांच्या शाळेतली गाणी. ते सगळे ज्या फायलींत आहे त्या फक्त त्याच सॉफ्टवेअरला कळतात. आज ते संगणकावर चालते आहे. संगणक बदलला, त्यावरची व्यवस्था बदलली, की एक दिवस ते चालणार नाही. आणि त्या दिवसाच्या आत ज्याने आपले सूर दुसरीकडे हलवले नसतील, त्याची वही कुलूपबंद.

मला या भीतीचा अनुभव आहे. वीसेक वर्षांपूर्वी माझ्या काही लेखांची जुळणी मी एका दुकानात करून घेतली होती. त्या वेळी मराठीसाठी निरनिराळे फाँट चालत आणि प्रत्येकाची आतली व्यवस्था निराळी. बाहेरून 'क' दिसायचा, पण संगणकाच्या पोटात ते एखादे इंग्रजी अक्षर किंवा स्वल्पविराम असायचा. ते दुकान गेले, तो फाँट गेला. माझी फाइल अजून उघडते. आत इंग्रजी अक्षरे, कंस आणि टक्क्यांची चिन्हे यांचा उकिरडा दिसतो. मूळ हस्तलिखित मी मोठ्या विश्वासाने रद्दीत घातले होते. अण्णांच्या पहिल्या वहीवर १९५७ साल आहे. शाई तपकिरी झाली आहे, कोपरे वाळवीने चाखले आहेत. पण ती उघडायला बोटाखेरीज काही लागत नाही.

तेव्हा माझे प्रश्न बदलले. कुठले सॉफ्टवेअर झटपट, कुठले दिसायला झकास, हे सगळे मागे पडले. मी भाच्याला विचारू लागलो, "हे सॉफ्टवेअर उद्या मेलं, तर आपल्या हाती काय राहील?"

"मामा, तुम्ही मुलगी बघायला गेल्यावर आधी वैधव्याची चौकशी करताय," तो म्हणाला. पण पोरगा हुशार. त्याने तसा शोध घेतला.

'सिबेलियस'ची कथा त्याने रंगवून सांगितली. बेन आणि जोनाथन फिन हे इंग्लंडातले जुळे भाऊ. हाताने नोटेशन लिहिण्याचा कंटाळा आला म्हणून त्यांनी स्वतःच सॉफ्टवेअर रचले आणि १९९३ साली ते बाजारात आणले. ते फार गाजले. २००६ साली 'ॲव्हिड' या अमेरिकन कंपनीने ते विकत घेतले. २०१२ साली तिने लंडनची कचेरी बंद केली. तिथल्या मंडळींना 'स्टाइनबर्ग' या जर्मन कंपनीने बोलावून घेतले आणि त्यांनी नव्याने मांडामांड करून २०१६ साली 'डोरिको' काढले. हे नाव सोळाव्या शतकातल्या रोमच्या व्हॅलेरियो डोरिको या संगीत-मुद्रकाचे. आपल्या धंद्यातल्या पूर्वजाचे नाव मुलाला ठेवावे तसे. सिबेलियसही चालू आहे. ते वर्गणी भरून वापरता येते. दोन्हींच्या मर्यादित आवृत्त्या फुकट मिळतात. डोरिकोची मला आवडलेली गोष्ट ही, की त्यात तालाची घरे आधी आखून घ्यावीच लागत नाहीत. सूर लिहीत जावे, घरे मागाहून पडतात. आलापी लिहिणाऱ्याला याचे महत्त्व कळेल.

मग 'लिलिपाँड'. हे तर फारच विलक्षण. हान-वेन निनहाउस आणि यान न्यूवनहाउझन या दोन डच संगीतप्रेमींनी १९९६ साली सुरू केलेले आणि पूर्णपणे मोफत. बाखच्या चेलोवर वाजवायच्या रचनांची १९५० सालची हाताने कोरलेली प्रत आणि संगणकावरची नवी प्रत त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. जुनी प्रत जिवंत वाटते, नवी यंत्रासारखी थंड. असे का, याचा त्यांनी छडा लावला आणि त्या जुन्या कारागिरांचे डोळे संगणकाला देण्याचा प्रयत्न केला. यात पडद्यावर सूर मांडायचे नसतात, ते अक्षरांनी लिहायचे. डच पद्धतीप्रमाणे एफ शार्पला 'फिस', बी फ्लॅटला 'बेस'. किती वेळ ते सांगायला पुढे आकडा, वरच्या सप्तकाला अपॉस्ट्रॉफीची खूण, खालच्याला स्वल्पविराम. लिहून झाले की संगणकाला सांगायचे, 'आता छाप'; आणि देखणे पान बाहेर पडते. मी हरखलोच. हे तर आपल्या सारेगमचेच भावंड! शिवाय ती फाइल म्हणजे साधा मजकूर. लिलिपाँड बुडाले तरी कुणीही शहाणा माणूस ती वाचून सूर काढू शकेल.

पण भाच्याने मान हलवली. "मामा, सव्वाशे चिजा अशा लिहायच्या, तर आत्याआजीचं दुसरं सहस्रचंद्रदर्शन येईल. आणि चूक झाली तर ती लगेच ऐकू कशी येणार?"

ऐकू येणे! हे मी विसरलोच होतो. आत्याच्या डोळ्यांत आता फारसे तेज नाही. पानावरचे तिला दिसणार नव्हते. जे काही तपासायचे ते तिने कानांनी. म्हणजे सॉफ्टवेअरला गाता आले पाहिजे.

शेवटी गाडी 'म्यूझस्कोर'पाशी थांबली. वेर्नर श्वेअर या जर्मन गृहस्थाने २००२च्या सुमारास याला सुरुवात केली. तेही मोफत, आणि त्याची आतली रचना कुणालाही पाहायला खुली. २०२२ साली चौथी आवृत्ती निघाली तेव्हापासून त्याचा आवाजही सुधारला आहे. त्याची फाइल म्हणजे एक गाठोडे. गाठ सोडली की आत वाचता येण्याजोगा मजकूर. शिवाय 'म्यूझिक-एक्स-एम-एल' नावाची एक सर्वांना समजणारी लिपी आहे. मायकेल गुड यांनी ती बसवली आणि २००४ साली तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. फिनाले, सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोर यांपैकी कशातूनही सूर या लिपीत काढता येतात आणि दुसऱ्यात घालता येतात. सूर, ताल, शब्द सुखरूप जातात; पानाची सजावट बरीचशी वाटेत सांडते. घर बदलताना भांडी जातात, पडदे राहतात, तसेच हे. फिनालेवाल्यांनी आपली पुस्तके वाचवली तीही याच मार्गाने.

निवड पक्की करण्यापूर्वी मी माझी एक मास्तरी परीक्षा घेतलीच. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सुरांखाली 'ज्ञानेश्वर' हा शब्द लिहायला लावला. एकात 'ज्ञ'चे तुकडे झाले आणि 'श्व'चा पाय मोडला; त्याला नापास केले. म्यूझस्कोर पास झाले. 'ज्ञा-ने-श्व-र' अशी अक्षरे आपापल्या सुराखाली नीट जाऊन बसली. दुसरा पेपर झपतालाचा. १० मात्रा, पण त्या दहा सलग नव्हेत. २, ३, २, ३. घरात तसे आकडे लिहून आत तुटक रेषा घालता आल्या. दोन्ही पेपर पास, म्हणून प्रवेश दिला.

भाद्रपदात काम सुरू झाले. पहिल्या वहीतली यमनातली त्रितालाची चीज भाच्याने भरली आणि आम्ही दोघे साताऱ्याला गेलो. आत्या खुर्चीत डोळे मिटून, मांडीवर ताल धरायला हात ठेवून बसली. भाच्याने कळ दाबली.

जे वाजले त्याचे वर्णन कसे करू? पहिलाच सूर छपरावरून आला, तिथून दुसरा धपकन अंगणात, मग पुन्हा छपरावर. आत्याचा हात मांडीवर पडेना. समेला ती थांबली, तर सम आलीच नाही. आली ती अर्ध्या आवर्तनाने. आत्याने डोळे उघडले. "हे माझ्या अण्णाचं नाही," ती म्हणाली. "अण्णा जन्मात असा किंचाळला नाही."

भाच्याचा चेहरा उतरला. त्याने भातखंडे पद्धतीचा तक्ता पुढ्यात ठेवून एकेक खूण काटेकोर उतरवली होती. मी वही पुन्हा पाहिली आणि आत्याला वाचून दाखवू लागलो, "निषादावर टिंब..."

"वर ना? मग मंद्र तो!" आत्या म्हणाली. "आमच्या पहिल्या मास्तरांची पद्धत पलुसकरांची होती रे."

आणि सगळा उलगडा झाला. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांची स्वरलिपी निराळी. भातखंड्यांकडे डोक्यावरचे टिंब म्हणजे तारसप्तक. पलुसकरांकडे तेच टिंब म्हणजे मंद्र, आणि तारसप्तकाला उभी रेघ. भातखंडे समेला फुलीसारखी खूण करतात आणि कालाला शून्य. पलुसकर समेला १ लिहितात आणि अधिकाची खूण कालाला! आमच्या पोराने ती अधिकाची खूण भातखंड्यांची फुली समजून सम धरली होती. स्वराखालची शून्ये तर पलुसकर पद्धतीत अर्ध्या मात्रेची. ती पाहून तो चक्रावला होता की अण्णा ठायीठायी काल का दाखवतात. अण्णांनी पुढे, बहुधा 'क्रमिक' पुस्तके हाती आल्यावर, भातखंडे पद्धत उचलली. पण पहिल्या दोन वह्या जुन्याच रीतीने लिहिलेल्या. आणि त्यांच्या चारपैकी दोन चिजा दुसऱ्या वहीत! आत्या नसती तर आम्ही त्या उलट्या करून, उत्तम कागदावर, सुबक छापून ठेवल्या असत्या. आणि छापलेले खोटे कोण मानतो?

पुढचे चार महिने दर दुसऱ्या शनिवारी आम्ही साताऱ्याला. भाचा वाजवी, आत्या ऐके. "थांब. तिथं अर्धी मात्रा उशिरा." "गंधाराला धक्का नको, रिषभावरून ये." भाचा लगेच दुरुस्त करी, पुन्हा ऐकवी. यंत्राचा सूर पियानोचा, मींड त्याला येत नाही, आत्या म्हणे, "त्याचं राहू दे, त्याला गळा नाही. जागा बरोबर आहेत ना, बस्स."

नातवाच्या प्रतीसाठी षड्ज कुठे धरायचा हा प्रश्न आला. आपला सा गळ्यानुसार हलतो, पाच रेघांवर मात्र त्याला कुठे तरी बसावेच लागते. व्हायोलिनच्या मोकळ्या तारा जी, डी, ए, ई. डीला सा धरला तर मंद्र मध्यम नेमका सर्वांत खालच्या तारेवर येतो, म्हणून डी ठरला. हे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणे संगणकावर क्षणाचे काम. यमनाच्या आरंभी भाच्याने रीतसर तीन शार्प लावले. तिकडे नातवाच्या मास्तरीणबाईंनी ते पाहून विचारले, की ही चीज 'ए'ची दिसते, मग ती 'डी'वर येऊन का थांबते? बाईंचे चुकले नव्हते. त्या विद्येत तीन शार्प पाहिले की घर 'ए' समजायचे. मग आम्ही आरंभी दोनच शार्प ठेवले आणि तीव्र मध्यमाला प्रत्येक वेळी वेगळी खूण केली. पानात गर्दी झाली. होऊ दे, घर चुकायला नको.

आपल्या अक्षरांची प्रत माझ्याकडे होती, आणि तीत मला खरी मौज वाटली. पाच रेघांच्या सॉफ्टवेअरचा इथे उपयोग नाही. मी साधा तक्ताच आखला. त्रितालाला सोळा रकाने, एका मात्रेला एक. वरच्या ओळीत तालाच्या खुणा, मधल्या ओळीत स्वर, खाली शब्द. खास नोटेशनचे फाँट मिळतात, पण पोळलेला माणूस मी. सगळ्या संगणकांना कळणारी युनिकोड लिपीच वापरायची असा हट्ट धरला. कोमल रिषभाखालची रेघ कुठून आणायची? शोधता शोधता ती सापडली वेदांत! ऋग्वेदाच्या छापील संहितेत अनुदात्ताखाली आडवी रेघ असते आणि स्वरिताच्या डोक्यावर उभी. वैदिकांसाठी या दोन्ही खुणा युनिकोडात घातलेल्या आहेत (उभीला तिथे 'उदात्त' म्हटले आहे, नावाची थोडी गल्लत आहे, पण रेघ आपल्या कामाची). त्यांनी रे॒ झाला आणि म॑ झाला. मंद्राच्या टिंबासाठी उर्दू उच्चारांचा नुक्ता घेतला. तो मात्र मानी. अक्षर, मग नुक्ता, मग वेलांटी, असा क्रम लागतो. वेलांटी आधी दिली की पडद्यावर टिंबाटिंबांचे रिकामे वर्तुळ येऊन तुमच्याकडे पाहत बसते. मंद्र कोमल निषादाच्या पायाशी रेघ आणि टिंब यांची जी मारामारी झाली ती मी फाँटाचा आकार वाढवून जेमतेम सोडवली.

सगळ्यांत शेवटी उरली पाचव्या वहीतली चीज. राग दुर्गा, झपताल, अण्णांची स्वतःची. तिच्या अस्ताईच्या शेवटी शाईने 'ध म रे सा' लिहिले आहे आणि वर पेन्सिलीने, बारीक अक्षरांत, 'प ध म रे'. शाई खोडलेली नाही. पेन्सिल पुसलेली नाही. आत्याला विचारले, तर पहिल्या शनिवारी तिने शाईचे गाइले आणि पुढच्या खेपेला पेन्सिलीचे. "अण्णा कुठलं वाजवायचे?" मी विचारले. ती बराच वेळ गप्प राहिली. "मी जे गायचे ते," ती म्हणाली.

सॉफ्टवेअरला असे चालत नाही. त्याला एका जागी एकच सूर हवा. पण पाश्चात्त्य लिपीत अशा वेळची एक सोय आहे. मूळ ओळीच्या वर लहान आकाराची दुसरी ओळ देतात, 'असेही वाजवा' म्हणून. म्यूझस्कोरमध्ये ती करता आली. शाई खाली, पेन्सिल वर. माझ्या तक्त्यात मी त्या चार मात्रांच्या रकान्यांवर दुसरी ओळ बारीक टाइपात घातली. भाच्याने अण्णांच्या चारही चिजा लिलिपाँडच्या साध्या मजकुरातही लिहून ठेवल्या, आणि पुस्तक जाड कागदावर छापून घेतले. मूळ वह्या या वेळी मी रद्दीत घातल्या नाहीत.

माघात समारंभ झाला. न्यू जर्सीहून नातू आला होता. सगळ्यांची जेवणे झाल्यावर त्याने स्टँडवर पुस्तक ठेवले आणि दुर्ग्यातली ती चीज वाजवली. एकदा शाईची ओळ, एकदा पेन्सिलीची, जसे छापले होते तसे. उच्चार थोडा परदेशी, पण सम बिनचूक. आत्या खुर्चीतून ऐकत होती. तिसऱ्या आवर्तनाला ती त्याच्याबरोबर गाऊ लागली. आवाज कापत होता. अस्ताईच्या शेवटी ती आली आणि तिथे तिने जे घेतले ते शाईतही नव्हते आणि पेन्सिलीतही.

नातू थांबला, पुस्तकात पाहू लागला. भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि पिशवीतून संगणक काढला.

"आत्याआजी," तो म्हणाला, "जरा पुन्हा म्हणता?"